आधी शेवट बघ!

इंजेक्शन, ऑपरेशन, ॲडमिशन, इन्फेक्शन, रिॲक्शन, टेन्शन. नवा वर्ग सुरू झाला की मी हे सहा शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहिते आणि विचारते, यातला कुठला शब्द तुमच्या आजीला कळणार नाही? सगळे कळतात. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा गोळीची रिॲक्शन आली म्हणते, नातवाच्या ॲडमिशनचं टेन्शन घेते. मग मी प्रत्येक शब्दाच्या शेवटची आय, ओ, एन ही तीन अक्षरं पुसते. इंजेक्शनचं इंजेक्ट उरतं, इन्फेक्शनचं इन्फेक्ट, रिॲक्शनचं रिॲक्ट. ऑपरेशन आणि टेन्शनला शेवटी एक ई जोडावा लागतो, मग ऑपरेट आणि टेन्स होतं. ॲडमिशनमध्ये जरा जास्त डागडुजी आहे, तिथून ॲडमिट निघतं.

ॲडमिट सोडलं तर हे उरलेले शब्द आजीच्या घरात कुणी बोलत नाही. मराठी इंग्रजीकडून घेते ती बहुतेक नामं. क्रियापदाचं काम आपली करणे, देणे, घेणे, होणे ही मंडळी सांभाळतात. इंजेक्शन देतात, ऑपरेशन करतात, इन्फेक्शन होतं. मराठी बोलायला हे पुरतं आणि उत्तम चालतं. पण मुलगी इंग्रजीत रिपोर्ट लिहायला बसली की तिच्याजवळ नुसती नामं असतात आणि ती 'पेशंट इज इन्फेक्शन' असं लिहून मोकळी होते. शब्द ओळखीचा आहे, जागा चुकली. जखम इन्फेक्टेड असते, आजार इन्फेक्शस असतो, जंतू इन्फेक्ट करतो, फरशी पुसायचं औषध डिसइन्फेक्टंट असतं. सगळ्यांचा गाभा एक आहे. वाक्यात कुणी कुठे बसायचं, हे शब्दाचा शेवट सांगतो.

मी मिरजेत राहते. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९०च्या दशकात इथे काम सुरू केलं. आज सांगली-कोल्हापूरबरोबर बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही इथे उतरतात. मुलीही तशाच चारी बाजूंनी येतात, जत, कवठेमहांकाळ, शिरोळ, सीमेपलीकडचं अथणी, चिक्कोडी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आमच्याकडच्या मुली बारा वर्षं हा विषय शिकून आलेल्या असतात. तरी ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक हातात पडलं की चेहरा उतरतो. "मॅडम, एवढं सगळं पाठ कसं व्हायचं ओ?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. पाठ होणारच नाही.

शाळेत आम्ही शब्दार्थांची वही करून घ्यायचो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. पिढ्यानपिढ्या ही वही चालत आली आहे. पण त्या वहीत केअर पहिल्या पानावर असतो, केअरफुल सातव्या पानावर, केअरलेस बाराव्या, केअरलेसनेस आणखी कुठेतरी. मुलगी चार वेगळे शब्द म्हणून ते पाठ करते आणि चारही वेगवेगळ्या वेळी विसरते. शब्दांची नाती तोडून त्यांना एकेकटं उभं करणारी ती वही आता बाजूला ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

नाती कशी ओळखायची हे मुलींना ठाऊक असतं, फक्त मराठीत. उपसर्गघटित शब्द, प्रत्ययघटित शब्द हे सगळं त्या व्याकरणात शिकलेल्या असतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन अध्याय प्रत्ययांनाच वाहिलेले आहेत, इतका हा विचार आपल्याकडे जुना आहे. आणि व्याकरण बाजूला ठेवलं तरी मराठी माणूस दिवसभर प्रत्यय लावतच असतो. डॉक्टर हा शब्द इंग्रजीतून आला आणि आपण लगेच डॉक्टरकी केली, डॉक्टरीणबाई केल्या. ज्याला डॉक्टरकी जमते त्याला प्रत्यय शिकवावे लागत नाहीत, इंग्रजीतले प्रत्यय दाखवावे लागतात.

दाखवताना मी थोडा इतिहास सांगते, कारण त्याने बरंच सोपं होतं. मराठीत प्रत्ययांचे थर आहेत. आईपण, मोठेपणा, शहाणपण हा घरचा थर. मातृत्व, गुणवत्ता, वैद्यकीय हा संस्कृतातून घेतलेला. दुकानदार, हवालदार, भांडखोर, गुलामगिरी यातले दार, खोर, गिरी फारसीतून आलेले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिलं तेव्हा हा प्रत्यय परका राहिलेला नव्हता. इंग्रजीची बांधणी अगदी अशीच आहे. नेस, हुड, डम, शिप, फुल, लेस हे तिचे घरचे प्रत्यय. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच बसली, जशी आपल्याकडे दफ्तरात फारसी बसली होती. तिच्याबरोबर मेंट, एज, एबल आले, पुढे लॅटिनमधून थेट शब्द आले, आणि शास्त्रांसाठी विद्वानांनी ग्रीक उघडलं. त्यातून लॉजी, आयटिस, स्कोपी आले.

म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द सापडतात. मदरहुड आणि मॅटर्निटी यात जे अंतर आहे तेच आईपण आणि मातृत्व यात आहे. घरात सिकनेस असतो, फॉर्मवर ऐलमेंट असते, केसपेपरवर हेपटायटिस असतो. हे लक्षात आलं की मुलींना एक अंदाज बांधता येतो. नेस किंवा हुड दिसला की शब्द बहुधा साधा, बोलण्यातला. शन, मेंट, इटी दिसला की कागदोपत्री. आयटिस किंवा एक्टॉमी दिसलं की डॉक्टरांचा. अपवाद आहेत, पण वाचायला बसलेल्या माणसाला एवढा अंदाजसुद्धा मोठा आधार देतो.

नर्सिंगमध्ये पेशंटची काळजी घेण्याची एक ठरलेली पद्धत शिकवतात. तिच्या पाच पायऱ्या म्हणजे असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. पाचही नामं आहेत आणि शेवट बघा, मेंट, सिस, इंग, शन, पुन्हा शन. मुली हे पाच शब्द पहिल्या महिन्यात धडाधड म्हणून दाखवतात. पण केअर प्लॅन भरताना तिथे क्रियापद लागतं. मी असेस केलं, मी प्लॅन केलं, मी इम्प्लिमेंट केलं, मी इव्हॅल्युएट केलं. म्हणजे शेवट काढता यायला हवा. मग त्याच कागदावर पेशंटची अडचण लिहायची असते, 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स', 'इम्पेअर्ड स्किन इंटेग्रिटी'. पहिल्यांदा बघताना डोळे फिरतात. शेवटाकडून वाचायला लागलं की उलगडतं. क्लिअरन्समधला अन्स काढला, क्लिअर उरलं, म्हणजे श्वासाची वाट मोकळी होणं. इफेक्टिव्हमधला इव्ह काढला, इफेक्ट उरला, आणि पुढचा इन नकार सांगतो. कफ सुटत नाही, वाट मोकळी होत नाही. ग्रामीण भागातल्या मुलीला हे दृश्य चांगलं ठाऊक असतं, घरात म्हातारं माणूस असतं तिच्या. तिला हवं असतं ते त्या लांबलचक शब्दांत शिरायचं दार.

आता तीन शब्द सांगते, ज्यांच्यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते. हिस्टेरेक्टॉमी, हिस्टेरोटॉमी, हिस्टेरोस्कोपी. सुरुवात तिन्हींची एक आहे, ग्रीक भाषेत हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. घाईत वाचणारी मुलगी पहिली पाच-सहा अक्षरं बघते आणि 'गर्भाशयाचं काहीतरी' म्हणून पुढे जाते. पण एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. टॉमी म्हणजे चीर देणं. स्कोपी म्हणजे आत बघणं. पहिल्या शब्दात बाईचं गर्भाशय कायमचं जातं, दुसऱ्यात त्याला छेद देतात, तिसऱ्यात दुर्बिणीने आतून तपासतात. बाईच्या शरीराचं काय होणार, हे पूर्णपणे शब्दाच्या शेवटावर लिहिलेलं आहे. गावाकडे या पहिल्या ऑपरेशनला 'पिशवी काढली' म्हणतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रश्नामागे गरिबी होती, मुकादमाकडून घेतलेली उचल होती, सुट्टी घेतली की बुडणारी मजुरी होती. ते सगळं इंग्रजीच्या तासाने सुटणारं नाही, हे मला कळतं. पण संमतीच्या कागदावर अंगठा उमटवताना बाईच्या शेजारी जी उभी असते, ती माझी विद्यार्थिनी असणार आहे. कागदावरच्या शब्दाचा शेवट तिने वाचलाच पाहिजे, आणि बाईला तिच्या भाषेत सांगितला पाहिजे. याबाबतीत मी वर्गात सवलत देत नाही.

याच शब्दांचा आणखी एक भाऊबंद आहे, स्टॉमी. ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड. कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात, कोलोस्टॉमीत आतड्याला पोटावर तोंड करून देतात. कानाला टॉमी, स्टॉमी, एक्टॉमी सारखेच लागतात, म्हणून मी ते ऐकवून लिहायला लावते. आयटिस म्हणजे दाह, सूज. अपेंडिसायटिस, टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस. ज्या अवयवाचं नाव पुढे, त्याचा दाह. अपेंडिसायटिस झाला की अपेंडेक्टॉमी करतात, टॉन्सिलायटिस सारखा सारखा झाला तर टॉन्सिलेक्टॉमी. दोन शेवट आणि अवयवांची नावं आली की मुली न पाहिलेला शब्द फोडायला लागतात. मूत्रपिंडातला नेफ्रॉन शिकलेली मुलगी नेफ्रायटिस आपणहून सांगते, मग नेफ्रेक्टॉमीही सांगते.

प्लास्टीवर थोडं थांबते, कारण तिची गोष्ट पुण्याची आहे. प्लास्टी म्हणजे घडवणं. अँजिओप्लास्टी आता प्रत्येक गल्लीत माहीत आहे, रक्तवाहिनी पुन्हा घडवायची. ऱ्हायनोप्लास्टी म्हणजे नाक घडवणं. इंग्रजांच्या फौजेत काम करणारा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याकडच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ही हकीकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातले शल्यवैद्य चकित झाले. पुढे कार्ल फॉन ग्रेफे या जर्मन शल्यवैद्याने १८१८ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'ऱ्हिनोप्लास्टिक'. हात आपल्या मातीतल्या कारागिराचे होते, ग्रीक नाव नंतर चिकटलं. मुली हे ऐकून ताठ बसतात. ग्रीक-लॅटिनच्या शेवटांची भीती त्यानंतर कमी झालेली मी पाहिली आहे.

उच्चाराचं मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि आमच्या मुली अडतात त्या तिथेच. मराठीत आपण शब्द जवळजवळ सपाट बोलतो, कुठल्याही एका अक्षरावर फार जोर देत नाही. इंग्रजीत जोर हलतो आणि तो हलवणारा असतो शेवट. फोटोग्राफमध्ये जोर फो वर. फोटोग्राफी म्हटलं की तो टॉ वर सरकतो आणि आधीचा फो आखडून फ होतो, फटॉग्रफी. फोटोग्राफिक म्हटलं की ग्रॅ वर जातो. आपण सोनोग्राफी म्हणतो, बाहेरगावची डॉक्टरीण सनॉग्रफी म्हणते आणि मुलीला वाटतं ही कुठली वेगळी तपासणी! ग्राफी, लॉजी, स्कोपी, टॉमी लागले की जोर त्यांच्या अगदी अलीकडच्या स्वराकडे येतो. म्हणून एन्डॉस्कपी, लॅपरॉस्कपी. शन आणि इक लागले की त्यांच्या आधीच्या अक्षरावर जोर. आयटिस स्वतःच जोर घेतो, आर्थ्रायटिसमधला थ्राय ठासून यायला हवा.

आणि घरचे जुने प्रत्यय? नेस, फुल, लेस, हुड लागले तरी जोर जागचा हलत नाही. केअर, केअरफुल, केअरलेस, केअरलेसनेस, सगळीकडे ठोका पहिल्या केअरवरच. हे मला फार सुंदर वाटतं. हजार वर्षांपूर्वी कुठला शब्द कुठल्या दारातून आत आला, ते आजही जोरात ऐकू येतं.

शन या आवाजाबद्दल आणखी एक. फिजिशियन, टेक्निशियन, ऑप्टिशियन यांचा शेवट आपण शियन म्हणतो. इंग्रज माणूस तो जवळजवळ शन असाच म्हणतो. कागदावर मात्र तो सी, आय, ए, एन असा आहे आणि तो माणूस सांगतो, क्रिया सांगत नाही. ऐकताना गोंधळ होतो, वाचताना होत नाही. इथेही डोळे शेवटावर हवेत.

शेवट फसवतातही, आणि ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. रस्त्यावर तेलाचा टँकर पुढे असला की मागे लिहिलेलं दिसतं, हायली इन्फ्लेमेबल. इन म्हणजे नाही आणि एबल म्हणजे होण्यासारखं, असा हिशेब केला तर अर्थ निघतो 'न पेटणारं'. खरा अर्थ नेमका उलट आहे. हा शब्द इन्फ्लेम म्हणजे पेटवणे यावरून आला आहे, यातला इन नकाराचा नाही. प्राइसलेस म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, ज्याची किंमतच करता येत नाही असं, अनमोल. वर्थलेस म्हणजे मात्र खरोखर कवडीमोल. कुकर हा कुक करणारा माणूस नसतो, हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. ली लागला की क्रियाविशेषण असं शाळेत शिकवतात, पण फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली ही विशेषणं आहेत.

फिजिशियन आणि फिजिसिस्ट यांचा घोळ तर इंग्रजांनाही पडला होता. फिजिशियन म्हणजे डॉक्टर हे आधीच ठरलेलं होतं. मग भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला काय म्हणायचं? केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने १८४० साली इस्ट लावून फिजिसिस्ट हा शब्द सुचवला. सायंटिस्ट हा शब्दही त्याचाच, आर्टिस्टच्या धर्तीवर घडवलेला, १८३४ साली एका परीक्षण-लेखात पहिल्यांदा छापलेला. म्हणजे न्यूटन हयात असताना त्याला कुणी सायंटिस्ट म्हटलं नव्हतं.

बँकेच्या कागदांवर एक शेवट सारखा भेटतो, डबल ई. चेकवर अकाउंट पेयी असतं, फॉर्मवर नॉमिनी असतो. कोर्टाच्या फ्रेंचमधून आलेला हा प्रत्यय ज्याच्या बाबतीत क्रिया होते त्याला लागतो. पे करणारा पेअर, ज्याला पैसे मिळतात तो पेयी. ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकतो. वर्तमानपत्रात लिलावाच्या नोटिसा येतात, त्यात मॉर्गेजी हा शब्द दिसला तर तो कर्जदार आहे असं समजू नका. घर गहाण ठेवणारा मॉर्गेजर, आणि ज्याच्याकडे गहाण ठेवलं ती बँक म्हणजे मॉर्गेजी. नात्यागोत्यात कुणाचं घर गहाण असेल तर हा एक शेवट नीट वाचायलाच हवा.

औषधांच्या नावांचं सांगितलं की पालकसभेला आलेले आईवडीलही वह्या काढतात. गोळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव. या मूळ नावांना जगभर एकसारखेपणा यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना १९५३ सालापासून नावांच्या याद्या प्रसिद्ध करते आणि त्यात एका गटातल्या औषधांचा शेवट सहसा सारखा ठेवते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन यांचा शेवट सार्टन, रक्तदाबासाठीच्या एका गटाचा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांचा प्रिल, रक्तदाबाचाच पण दुसरा गट. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचा ओलॉल. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल पोटातल्या ॲसिडसाठी. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन मधुमेहासाठी. घरात वडीलधाऱ्या माणसाच्या डब्यात दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरच्या गोळ्या जमल्या असतील आणि दोन पाकिटांवर एकच शेवट दिसला, तर ती पाकिटं उचलून डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवावीत. स्वतःहून गोळी बंद करू नये. विचारायला मात्र इंग्रजीची पदवी लागत नाही, पाकिटावरची शेवटची चार-पाच अक्षरं वाचता आली की झालं.

अभ्यास कुठून सुरू करावा, असं पुष्कळजण विचारतात. लॉरी बावर आणि पॉल नेशन या दोन अभ्यासकांनी १९९३ साली इंग्रजीतल्या प्रत्ययांची सात पायऱ्यांत मांडणी केली. कुठला प्रत्यय जास्त वेळा येतो, कुठला नेमाने लागतो, लावताना मूळ शब्द किती बदलतो, हे बघून पायऱ्या पाडल्या. सुरुवातीच्या पायऱ्यांवर एबल, अर, लेस, ली, नेस असे रोजचे प्रत्यय आहेत, ग्रीक-लॅटिनचे अवघड तुकडे सगळ्यात शेवटच्या पायरीवर. मी वर्गात याच क्रमाने जाते, फक्त आयटिस-एक्टॉमी लवकर घेते, कारण वॉर्डात ते वाट बघत नाहीत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी केली. तीही सुटे शब्द मोजत नाही, शब्दांची कुळं मोजते. अशी ५७० कुळं त्यात आहेत आणि कुठल्याही विषयाच्या अभ्यासाच्या पुस्तकातले साधारण दहा टक्के शब्द त्यांत येतात. कॉलेजात जाणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींनी ही यादी जरूर मिळवावी.

आणि पुस्तक हवं असेल तर नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आहे. १९४९ साली निघालेलं हे पुस्तक आजही फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हमखास सापडतं. त्यातलं डॉक्टरांच्या नावांवरचं प्रकरण लॉजिस्ट, इस्ट, इशियन यांच्या आधाराने शिकवतं. मी ते वर्गात वाचून घेते. त्यातले काही शब्द जुने झाले आहेत, काही उदाहरणं अमेरिकन घरांतली आहेत, पण शिकवायची रीत पक्की आहे.

आमची वहीही आता बदलली आहे. एका कुळाला एक पान, पानावर चार रकाने, नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. स्टराइलचं पान घ्या. विशेषण स्टराइल, क्रियापद स्टरिलाइझ, नामं स्टरिलायझेशन, स्टरिलायझर, स्टरिलिटी. ऑपरेशन थिएटरमधली हत्यारं निर्जंतुक करणं आणि कुटुंबनियोजनाची नसबंदी, दोन्ही स्टरिलायझेशनच, हे त्या पानावर समोरासमोर येतं. काही रकाने रिकामे राहतात. ते जबरदस्तीने भरायचे नाहीत, इंग्रजीत जो शब्द कुणी वापरत नाही तो नियमात बसतो म्हणून तयार करायचा नाही. डिक्शनरी उघडून खात्री करायची. वॉर्डातून आलेली मुलगी केसपेपरवर पाहिलेला एखादा नवा शब्द त्या दिवशीच्या पानावर टाकते आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तो फोडतो.

परवा असाच ऑसिस घेतला होता. ट्यूबरक्युलोसिस, थ्रॉम्बोसिस, फायब्रोसिस, सिऱ्होसिस, सगळ्यांचा शेवट ऑसिस आणि सगळे बिघाड किंवा आजार. एका मुलीने यादीत डायग्नोसिस आणि प्रॉग्नोसिस घातले. कागदावर शेवट तोच दिसतो, त्यामुळे तिचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण इथे शब्द तुटतो तो ग्नोसिसपाशी. ग्रीकमध्ये ग्नोसिस म्हणजे जाणणं, आणि आपला ज्ञान हा शब्द त्याच प्राचीन कुळातला आहे. डायग्नोसिस म्हणजे आजार ओळखणं, प्रॉग्नोसिस म्हणजे तो पुढे कसा जाईल याचा अंदाज. तिने यादीतून दोन्ही शब्द काढले नाहीत, त्यांच्यासाठी नवं पान उघडलं आणि विचारलं, "मॅडम, इग्नोरन्स यातच बसतं का?" बसतं. नकाराचा पहिला तुकडा आणि पुढे तेच जाणणं. पुढच्या तासाला आता अन्स घेणार आहे.